चालू यंत्र, बंद दार
जुन्या संगणकांवर ब्राउझर जगवणाऱ्यांचा इतिहास

माझ्या टेबलावर २००४ साली जुळवून घेतलेला एक संगणक आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि जुन्या मराठी नियतकालिकांच्या सूचीचे माझे जवळजवळ सर्व काम त्याच्याच पोटात आहे. हे काम त्या काळच्या एका डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच सॉफ्टवेअरबरोबर मिळालेल्या फाँटमध्ये केलेले. ते चालण्यासाठी संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला डोंगल लावावे लागते. नव्या संगणकाला तसले पोर्टच नसते. म्हणून हा संगणक मी जपला. दोनदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा हार्ड डिस्क बदलली.

सूची युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी इंटरनेटवरचे एक पान वापरत असे. जुन्या फाँटमधला मजकूर तिथे चिकटवायचा, बदललेला मजकूर उचलून ठेवायचा. ऑक्टोबर २०२१च्या पहिल्या दिवशी हे पान उघडेना. आदल्या दिवशी उघडत होते. 'तुमची जोडणी सुरक्षित नाही' अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली आणि ब्राउझर पुढे जाऊ देईना. दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने संगणक सुरूही न करता सांगितले, "काका, आता हा भंगारात द्या." भाच्याने मात्र त्याच्या लॅपटॉपवरून एक दुसरा, चार वर्षांपूर्वीचा ब्राउझर पेनड्राइव्हवर आणून दिला. तो बसवला आणि तेच पान, त्याच संगणकावर, त्याच टेलिफोनच्या तारेवरून उघडले.

यंत्र तेच, तार तीच, पान तेच. मग आधी बंद काय पडले होते? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. मी संगणकशास्त्र शिकलेला नाही. कागदपत्रांची सूची करणाऱ्या माणसाला जी विचारपूस करता येते, तेवढीच मी केली आहे.

पहिल्या ब्राउझरपासूनची अडचण

ब्राउझर हा मुळात एक वाचक आहे. दूरच्या संगणकावरून आलेला मजकूर समजून घेऊन तो आपल्यापुढे मांडतो. हा वाचक सर्व यंत्रांवर चालत नाही ही तक्रार मात्र आजची नाही, ती पहिल्या ब्राउझरइतकीच जुनी आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तो 'नेक्स्ट' नावाच्या संगणकावर. हा संगणक उत्तम होता, पण महाग आणि दुर्मीळ. सर्नमधल्याच बहुतेकांकडे तो नव्हता. म्हणजे जगभरची माहिती सर्वांना खुली करणारे साधन ज्या यंत्रावर चालत होते, ते यंत्रच सर्वांकडे नव्हते. तेव्हा निकोला पेलो या इंग्लंडहून आलेल्या गणिताच्या विद्यार्थिनीवर एक साधा ब्राउझर लिहिण्याचे काम सोपवण्यात आले. १९९१मध्ये तो वापरात आला. त्यात चित्रे नव्हती, माऊस नव्हता. ओळीमागून ओळ मजकूर येई आणि दुव्यापुढचा आकडा टाइप केला की पुढचे पान येई. पण तो जवळजवळ कोणत्याही टर्मिनलवर चाले. वेब पसरले त्यात या गरीब ब्राउझरचा वाटा मोठा आहे.

पुढे १९९३मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅक' तयार केला, १९९४मध्ये 'नेटस्केप' आला, आणि ब्राउझर हा व्यापाराचा विषय झाला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा ही चढाओढ ऐन भरात होती. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरची स्रोतसंहिता, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुली केली. त्यातूनच मोझिला आणि पुढे २००४मध्ये फायरफॉक्स जन्मला. जुन्या यंत्रांच्या इतिहासात ही तारीख महत्त्वाची आहे. कंपनीने सोडून दिलेला ब्राउझर बाहेरच्या माणसाला हाती घेता येईल, ही शक्यता त्या दिवशी निर्माण झाली.

ब्राउझर 'जुना' कसा होतो?

लोखंड गंजते, कापड विरते. प्रोग्रामचे तसे नाही. २००४चा ब्राउझर आजही अक्षर न् अक्षर २००४सारखाच आहे. बदलते ते त्याच्या भोवतालचे जग, आणि ते तीन बाजूंनी बदलते.

पहिली बाजू भाषेची. वेबची पाने ज्या भाषांत लिहितात त्यांत दरवर्षी नवे शब्द येतात. जुन्या ब्राउझरला ते कळत नाहीत. पान वेडेवाकडे दिसते, बटण दाबले जात नाही.

दुसरी बाजू पायाची. ब्राउझर प्रत्येक काम स्वतः करत नाही. फाइल उघडणे, अक्षर काढणे, वेळ विचारणे यासाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमला हाका मारतो. नव्या सिस्टीममध्ये नव्या हाकांची सोय असते आणि नवे ब्राउझर त्या गृहीत धरतात. जुन्या विंडोजवर अशी एक जरी हाक अनुत्तरित राहिली तरी प्रोग्राम सुरूच होत नाही. 'अमुक फंक्शन केर्नेल३२ मध्ये सापडले नाही' एवढा एक चौकोन येतो. पुष्कळ वाचकांनी हा चौकोन पाहिला असेल. स्रोतसंहितेवरून चालता प्रोग्राम घडवणारे कंपायलरही काही वर्षांनी जुन्या सिस्टीमसाठी घडवणे बंद करतात.

तिसरी बाजू विश्वासाची, आणि माझे पान अडले ते इथे. पूर्वी बहुतेक पाने उघड्या पोस्टकार्डासारखी येत. वाटेत कोणीही वाचावीत. २०१३नंतर सरकारी पाळतीच्या बातम्या बाहेर आल्या, तसा सर्व मजकूर कुलूपबंद पाठवण्याचा आग्रह वाढला. डिसेंबर २०१५पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे सर्वांना फुकट देऊ लागली, आणि २०१८च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर उघड्या पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला. काही वर्षांतच वेबचा बहुतांश भाग कुलपाआड गेला.

या कुलपाची पद्धत एकच नाही. टीएलएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९९ची, १.२ ही २००८ची आणि १.३ ही २०१८ची. २०२०मध्ये प्रमुख ब्राउझरांनी १.० आणि १.१ या आवृत्त्या बाद केल्या आणि अनेक संकेतस्थळांनीही. एक्सपीच्या स्वतःच्या पेटीत मात्र १.०पलीकडची किल्लीच नाही.

किल्ली जुळली तरी एक प्रश्न उरतो : समोरचा खरा कोण हे कोणी सांगायचे? त्यासाठी प्रत्येक संगणकात काही 'मूळ' प्रमाणपत्रांची यादी असते. आपण ज्याला ओळखतो त्याने ज्याची ओळख दिली, त्यावर विश्वास ठेवायचा, अशी ही पद्धत. लेट्स एन्क्रिप्ट नवी होती तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हते, म्हणून तिने एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची ओळख घेतली होती. त्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. ज्या यंत्रांच्या यादीत तोवर लेट्स एन्क्रिप्टचे स्वतःचे नाव चढले होते त्यांना काही जाणवले नाही. ज्यांची याद्या अद्ययावत करणे केव्हाच बंद झाले होते, त्यांची असंख्य दारे एका रात्रीत बंद झाली.

माझा पहिला ब्राउझर ही यादी विंडोजला विचारत असे. भाच्याने आणलेला फायरफॉक्स आपली यादी आणि आपल्या किल्ल्या स्वतःबरोबर बाळगतो. प्रवासाला निघालेल्याने परक्या गावच्या खाणावळीवर विसंबू नये आणि शिदोरी बरोबर घ्यावी, तसेच हे. एकाच संगणकावर एक उपाशी राहिला आणि दुसरा जेवला, त्याचे कारण इतके साधे होते.

एका बंद पडलेल्या घराण्याची गोष्ट

हे सारे आपोआप होत नाही. शिदोरी कोणीतरी बांधून द्यावी लागते. असे काम किती कष्टाचे असते याचे सर्वांत चांगले उदाहरण ॲपलच्या जुन्या मॅक संगणकांचे आहे.

ॲपलचे मॅक अनेक वर्षे 'पॉवरपीसी' नावाच्या प्रोसेसरवर चालत. २९ एप्रिल २००५ रोजी मॅक ओएस टेनची १०.४, म्हणजे 'टायगर' ही आवृत्ती निघाली आणि जूनमध्ये ॲपलने जाहीर केले की यापुढे मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसतील. जानेवारी २००६पासून ते आले. ऑगस्ट २००९मधली 'स्नो लेपर्ड' ही आवृत्ती पॉवरपीसीवर चालतच नव्हती. ज्याने २००५-०६मध्ये पॉवर मॅक जी-५ हा त्या वेळचा अव्वल आणि भारी किमतीचा संगणक घेतला, त्याचे यंत्र जेमतेम तीन-चार वर्षांत 'जुने' ठरले. यंत्रात काहीही बिघडले नव्हते.

ब्राउझरांनीही तीच वाट धरली. पॉवरपीसीवर चालणारा शेवटचा अधिकृत फायरफॉक्स म्हणजे ३.६. मार्च २०११मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ने या यंत्रांना निरोप दिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील कॅमेरॉन कायझर यांनी फायरफॉक्स ४ची खुली स्रोतसंहिता घेऊन तो टायगरवर चालेल असा घडवला आणि त्याचे नाव १०.४ या आकड्यावरून 'टेनफोरफॉक्स' ठेवले. त्याआधी २००९मध्ये त्यांनी त्याहून जुन्या मॅक ओएस ९साठी 'क्लासिला' हा ब्राउझर काढला होता. म्हणजे या वाटेवर ते नवखे नव्हते.

एकदा घडवला की संपले असे हे काम नव्हते. २०११पासून फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येऊ लागली. प्रत्येक आवृत्तीत हजारो बदल, आणि त्यातले किती आपल्या जुन्या पायावर आदळतील ते बांधणी केल्याशिवाय कळत नाही. पुढे मोझिलाने दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली, तेव्हा थोडा श्वास घ्यायला जागा मिळाली.

अडचणींचे स्वरूप कळावे म्हणून दोन उदाहरणे देतो. वेबच्या पानांवरील जावास्क्रिप्टचा मजकूर वेगाने चालावा यासाठी ब्राउझर तो आयत्या वेळी प्रोसेसरच्या भाषेत भाषांतरित करतो. फायरफॉक्सचे भाषांतरकार इंटेल आणि एआरएमची भाषा जाणणारे होते. पॉवरपीसीसाठी नवा भाषांतरकार कायझर यांना लिहावा लागला, आणि फायरफॉक्सची रचना बदलली की तो पुन्हा लिहावा लागे.

दुसरी अडचण आणखी गमतीची. मोठी संख्या अनेक बाइट्समध्ये साठवताना इंटेल लहान टोकाकडून सुरुवात करतो, पॉवरपीसी मोठ्या टोकाकडून. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस मागून म्हणतो, इंग्रजीत वीस आधी येतात. दोन्ही बरोबरच, पण एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याने आपल्या क्रमाने लिहिला तर पंचविसाचे बावन्न होतात. वेबची पाने लिहिणाऱ्यांच्या हाताखाली बहुधा इंटेलच असल्याने त्यांनी नकळत तोच क्रम गृहीत धरला. पॉवरपीसीवर ती पाने फसत. अखेर टेनफोरफॉक्समध्येच अशी सोय करावी लागली की पानाला वाटावे, आपण इंटेलच्या क्रमाने चाललो आहोत. पाने जगभर पसरलेली, ती दुरुस्त कोण करणार? दुरुस्ती एका माणसाला आपल्या बाजूने करावी लागली.

काही गोष्टी सोडून द्याव्या लागल्या. फ्लॅशसारखे प्लग-इन टेनफोरफॉक्सने लवकरच बंद केले. ॲडोबीने पॉवरपीसीसाठी त्यांची डागडुजी थांबवली होती आणि दुसऱ्याचा बंद प्रोग्राम दुरुस्त करण्याचा मार्गच नव्हता. २०१६पासून फायरफॉक्समध्ये 'रस्ट' या नव्या भाषेत लिहिलेले भाग येऊ लागले आणि लवकरच त्यांच्याशिवाय बांधणी अशक्य झाली. जुन्या पॉवरपीसी मॅकसाठी रस्टचा कंपायलर नव्हता. म्हणून टेनफोरफॉक्स फायरफॉक्स ४५च्या पायावर थांबला. त्यानंतर नव्या आवृत्त्यांमधील सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि जमतील ती वैशिष्ट्ये एकेक करून मागे आणण्याचे काम सुरू झाले. वाहत्या नदीतून घागरीने पाणी आणावे तसे.

दहा वर्षे हे चालले. २०२१मध्ये कायझर यांनी नियमित आवृत्त्या काढणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ते थांबले. स्रोतसंहिता खुलीच राहिली, तिच्यावरून स्वतःची आवृत्ती घडवून घेण्याची मुभा राहिली आणि काहींनी तसे केलेही. पण मुद्दा असा, की जगातल्या एका मोठ्या कंपनीने ज्या यंत्रांचे दार लावून घेतले, त्यांना वेबवर आणखी एक दशक मिळाले ते एका माणसाच्या फावल्या वेळातून आणि त्याला साथ देणाऱ्या मोजक्यांच्या मदतीतून.

विंडोजवरचे वारस

विंडोजची कहाणी याहून गर्दीची आहे. विंडोज ९८चा आधार मायक्रोसॉफ्टने जुलै २००६मध्ये थांबवला. त्यावर चालणारा शेवटचा फायरफॉक्स डिसेंबर २००८मधला. तेव्हा 'केर्नेलएक्स' नावाच्या एका जोडप्रोग्रामने वेगळी युक्ती केली. ब्राउझर बदलण्याऐवजी त्याने विंडोज ९८मध्ये नसलेल्या हाकांना उत्तर देणारा दुभाष्या मध्ये बसवला. त्यामुळे पुढचे काही ब्राउझर त्या सिस्टीमवर चालू शकले.

एक्सपी ही २५ ऑक्टोबर २००१ची. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. क्रोमने एप्रिल २०१६मध्ये तिला सोडले. फायरफॉक्सने सर्वांत जास्त साथ दिली : मार्च २०१७चा फायरफॉक्स ५२ हा तिचा शेवटचा, आणि त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला २०१८पर्यंत दुरुस्त्या मिळाल्या. भाच्याने मला दिला तो हाच. त्यानंतर 'मायपॅल', 'सुपरमियम' असे ब्राउझर हौशी मंडळींनी खुल्या संहितांवरून घडवले. विंडोज ७च्या बाबतीत क्रोम १०९ हा जानेवारी २०२३मधला शेवटचा ठरला. फायरफॉक्स ११५च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला मात्र विंडोज ७ आणि ८ वापरणाऱ्यांसाठी ठरलेल्या मुदतीपलीकडे पुन्हा पुन्हा वाढ देण्यात आली. जुन्या यंत्रांवर माणसे अजून बसलेली आहेत, हे यातून दिसते.

आणि एक ब्राउझर या साऱ्या धामधुमीत शांतपणे चालूच आहे. १९९२मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला 'लिंक्स'. फक्त मजकूर दाखवणारा. त्याची देखभाल आजही होते. निकोला पेलोच्या ब्राउझरचा तो जवळचा नातलग म्हणायला हरकत नाही.

मराठी वाचकाचा संबंध

यात मराठी वाचकाला आपले असे काय आहे? पुष्कळ आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटवर चालत. तो फाँट उतरवून घ्यावा लागे, किंवा पानाबरोबर आपोआप येणारा 'डायनॅमिक फाँट' असे आणि तो बहुधा इंटरनेट एक्सप्लोररलाच कळे. ब्राउझर बदलला की मराठीची रोमन चिन्हांची खिचडी होई. विंडोज २०००पासून देवनागरीची सोय सिस्टीममध्येच आली. एक्सपीमध्ये मात्र ती चालू करण्यासाठी भाषांच्या खिडकीत जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची आणि एक्सपीची सीडी घालायची, असा विधी होता. तो केला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरांचे पाय मोडत. त्या विधीनंतर पडद्यावर पहिल्यांदा धड मराठी पाहिल्याचा आनंद माझ्या पिढीला आठवत असेल.

म्हणजे मराठी वेबवर वाचता येणे हे ब्राउझर आणि त्याखालची सिस्टीम यांच्या कराराने ठरत होते. जुन्या फाँटमध्ये अडकलेला आपला मजकूर, ग्रंथालयांच्या याद्या, छापखान्यांतल्या फाइली, कवितांचे संग्रह, आजही मुख्यतः अशाच जुन्या संगणकांवर आहे. ते संगणक वेबपासून तुटले की हा मजकूर बाहेर येण्याची एक वाट बुजते.

मोडीचे उदाहरण मला इथे सारखे आठवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल शाबूत आहेत. कागद चांगला, शाई चांगली. अडचण आहे ती वाचणाऱ्यांची. लिपी व्यवहारातून गेली आणि जाणकार थोडे उरले, म्हणून ते कागद मुके झाले. ब्राउझरच्या बाबतीत बाजू उलट आहे, वाचक जुना आणि मजकूर नवा. पण दोन्हीकडे वस्तू धड असते आणि तुटतो तो दुवा. तो सांधतात ती मोडी शिकणारी आणि शिकवणारी माणसे, किंवा कायझर यांच्यासारखी.

दुसरी बाजू

एकच बाजू मांडून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्या सिस्टीमला नवा ब्राउझर मिळाला तरी सिस्टीमची भोके तशीच राहतात. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर हाहाकार उडवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. कुलपाच्या जुन्या पद्धती बाद झाल्या त्याही उगाच नव्हे; त्या फोडता येतात हे सिद्ध झाले होते. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक जुन्या यंत्राचा भार कायम वाहावा, अशी अपेक्षाही रास्त नाही. या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करावेत असे मी कोणाला सांगणार नाही. मी स्वतः करत नाही.

माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. 'हा संगणक जुना झाला' हे वाक्य आपण निसर्गनियम सांगितल्यासारखे उच्चारतो. प्रत्यक्षात तो कोणीतरी कोणत्या तरी तारखेला घेतलेला निर्णय असतो, आणि त्याची किंमत तो घेणाऱ्याला नव्हे तर वापरणाऱ्याला मोजावी लागते. निर्णय घेणाऱ्याने निदान संहिता खुली ठेवली तर दुसरा कोणी पुढचे काही अंतर चालू शकतो. नेटस्केपने ती १९९८मध्ये खुली केली नसती तर टेनफोरफॉक्स झाला नसता आणि माझे पानही उघडले नसते. माझ्या डीटीपी सॉफ्टवेअरची संहिता कोणाकडे आहे, आणि ते डोंगल उद्या निकामी झाले तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

संगणकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे ठळक असतात. चालू ठेवणाऱ्यांची नावे शोधावी लागतात. सूचीकाराला ही तफावत ओळखीची आहे.

त्या फायरफॉक्सच्या आधाराने मी रोज संध्याकाळी थोडा थोडा मजकूर बदलत गेलो. दीड वर्ष लागले. सूची आता युनिकोडमध्ये आहे आणि तीन ठिकाणी तिच्या प्रती आहेत. काम संपले त्या दिवशी मी त्या संगणकाची इंटरनेटची तार काढून ठेवली. भंगारात मात्र दिलेला नाही. महिन्यातून एकदा सुरू करतो, फाइली उघडतात का ते पाहतो आणि झाकण घालून ठेवतो.